दोन ठिपके, एक रेघ, एक कंस

सकाळचे सहा चाळीस. भैरू कोळपे दुसऱ्या गाईची धार काढत होता, तेवढ्यात घरात मोबाइल दोनदा वाजला. त्याने हात थांबवला नाही. मध्येच उठलं की ही गाय पान्हा चोरते. धार संपल्यावर त्याने बादली झाकली, पंच्याला हात पुसले आणि तो आत गेला.

मोबाइल मुलीचा, धनश्रीचा. ती रांजणगावच्या एका कारखान्यात वायरी जोडायच्या लाइनवर कामाला होती. आत मोबाइल चालत नसे, गेटवर जमा करावा लागे, म्हणून पहिल्या पाळीला जाताना ती तो न्हावरे गावातल्या घरीच फडताळावर ठेवून जाई. साल २००६. घरातला हा पहिलाच मोबाइल.

भैरू चौथी शिकलेला. मराठी पेपर वाचायचा, पण इंग्रजी अक्षर लागत नसे, आणि मेसेज सगळे इंग्रजी अक्षरांत. मात्र एक गोष्ट आठवडाभर त्याच्या डोळ्यांत सलत होती. मेसेज कुणाचाही असो, शेवटी तीच खूण: :-) दोन ठिपके, आडवी रेघ आणि कंस. आजच्या मेसेजच्या बुडालाही ती होतीच.

भैरूची उमेदीची वर्षं मेंढरांमागे गेली होती. बापाच्या कळपाला डाव्या कानाला खाच आणि पाठीवर गेरूचा पट्टा असे. दोन कळप एकमेकांत मिसळले की पट्टा बघून मेंढरं वेगळी करायची. खूण म्हणजे मालक, यात चर्चा नसायची. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस आणि गाई आल्या. हिशोब मात्र डोक्यात तोच राहिला. मेसेजवरची नावं वेगवेगळी आहेत, एवढं अक्षरांच्या आकारावरून कळत होतं. नावं चार आणि खूण एक, म्हणजे माणूस एकच, नावं बदलून लिहिणारा.

वाचून घ्यायची सोय नव्हती. वाचणारा दुपारपर्यंत पारावर सांगून मोकळा झाला असता. शेवटी डेअरीत दूध घालताना त्याने कॅनच्या धुळकट झाकणावर बोटाने खूण काढली आणि माप घेणाऱ्या पोपटरावांना दाखवली.

"पोपटराव, हे निशाण कुणाचं वो?"

"कुठं बघितलं?"

"एका कॅनवर."

"मंग कॅन ढापलेला आसंल. नाव सांगा, आत्ता बोलावतो त्याला."

भैरूने झाकण तळहाताने पुसलं. पोपटरावांकडे दोन वर्षांपासून मोबाइल होता. माहीत असून माणूस बोलत नाही, असं भैरूने मनात धरलं.

घरी येऊन तो बायकोला, म्हाळसाला, म्हणाला, "उद्यापासनं पोरीची कारखान्याची बस बंद."

"आन् ते का?" म्हाळसाने खुरपं खाली ठेवलं. "म्हैना राह्यलाय कायम व्हायला. आत्ता घरी बसली तर पुन्ना कोन घेतंय तिला?"

"कुणाचं तरी निशाण लागलंय तिच्यावर."

"ती काय मेंढरू हाय व्हय?"

भैरू वैरण तोडायला गेला.

धनश्री साडेचारला आली. त्याने गोठ्यातच तिच्यासमोर मोबाइल धरला. "हा मानूस कोन?"

तिने बघितलं आणि तिला हसू फुटलं. "आबा, मानूस न्हाई, तोंड हाय ते. मान वाकडी करून बघा. दोन डोळे, नाक, आन् हे हसणारं व्हट. लिहिणारा हसतोय, आसं."

भैरूने मान वाकडी केली. तोंड दिसलं. त्याचं समाधान झालं नाही.

"चार जणांचं तोंड एकसारकं कसं? शंभर मेंढरांत दोन तोंडं सारकी नसत्यात."

"बटणं तीच हाईत सगळ्यांकडं, आबा."

त्याच्या बापाची एक रीत होती. खूण पुसली गेली आणि भांडण लागलं, की मेंढी मध्ये सोडायची आणि दोघांनी हाका मारायच्या. ती ज्याच्याकडे जाईल तो मालक. भैरू म्हणाला, "नुसतं हेच तोंड पाठव. चौघांना. माझ्यासमुर. बघू कोन वळखतंय."

धनश्रीने पाठवलं. पहिलं उत्तर बोरी गावातल्या मैत्रिणीचं आलं, तेच तोंड. दुसरं चुलतभाऊ शंभूचं, दौंडहून. तेच तोंड. तिसरी, वडगाव रासाईची करुणा, हिने सरळ फोनच केला. आवाज गोठ्याबाहेर ऐकू गेला.

"काय गं बाई, नुसतीच दात काढतीस? लगीन ठरलं का काय?"

"न्हाई गं, आबांना दाखवत व्हते."

"आबांना? त्यांना पन माझं एक तोंड दे!"

म्हाळसा दारात पदर तोंडाला लावून हसत होती. भैरूही क्षणभर सैल झाला. मग त्याने विचारलं, "चौथा?"

"लाइन लीडरचा नंबर हाय. पाळीचं कळवत्यात."

"पाळीचं कळवताना हसायचं कशाला?"

धनश्रीने गाईपुढची वैरण सारखी केली.

"उत्तर का न्हाई आलं?"

"कामावर आसतील. मोबाइल गेटवर ठेवत्यात सगळे."

"तुझ्या लाइनीचा लीडर. तू सुटलीस, आन् तो सुटला न्हाई?"

"ओवरटाइम आसंल," धनश्री म्हणाली आणि गाईला पाणी दाखवायला वळली.

दिवेलागणीपर्यंत मोबाइल वाजला नाही. जेवताना म्हाळसाने थेट विचारलं, "मंग? बस चालू का बंद?"

तिघांनी हाक ओळखली होती, म्हणजे खूण एका माणसाची नव्हती. आपणच लावलेली कसोटी भैरूला मोडता येईना. "चालू," तो म्हणाला. "पन फाट्यावर सोडायला मी जानार. बशीत कोन कोन आसतं, तो चौथा हाय का, ते मला बघायचंय."

धनश्रीने भाकरीवरून मान वर केली नाही.

उद्या गुरुवार, तिची पहिली पाळीच आहे. कारखान्याची बस न्हावरे फाट्यावर पाच पन्नासला येते.