आत्याची फणी

माझी आत्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. छपाईआधी कागदावरच्या चुका शोधून काढणं हे तिचं काम, आणि ते ती डोळ्यात तेल घालून करी. तीस वर्षांत एक काना की एक अनुस्वार तिच्या हातून सुटला नव्हता, निदान तिच्या म्हणण्यानुसार. छपाईचे खिळे जुळवणारे कामगार तिला मागून 'भिंग' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही, असा एकूण स्वभाव.

मी नऊ वर्षांची असताना शाळेतून डोक्यात उवा घेऊन आले, तेव्हा आईनं मला सरळ आत्याच्या हवाली केलं.

आत्यानं घराचा ताबाच घेतला. उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल उकळत्या पाण्यात गेले. खिडकीपाशी स्टूल आलं, खाली पांढरा कागद अंथरला गेला. ओल्या केसांचे चार भाग करून चिमटे लावायचे, बारीक दातांच्या फणीनं मुळापासून टोकापर्यंत एकेक बट विंचरायची आणि दर वेळी फणी कागदावर आपटायची. "लिखा राहिल्या की आठवड्यानं सैन्य पुन्हा हजर," ती सांगे. "म्हणून दर तीन दिवसांनी बसायचं. कुरकुर नको." आई, बाबा, दादा, सगळे रांगेनं बसले. बाबांना टक्कल होतं, तरी त्यांना सूट मिळाली नाही.

पंधरा दिवसांत सगळे स्वच्छ. आणि चार दिवसांनी माझं डोकं पुन्हा खाजायला लागलं. पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा स्टूल. मग तिसऱ्यांदा तेच.

तिसऱ्या वेळी मात्र बाबांचा धीर सुटला. "रविवारी सकाळी बघू. एक जरी ऊ निघाली, तर केस कानापर्यंत कापायचे. विषय संपला."

माझी वेणी कमरेपर्यंत होती. मला दुसरं काही येत नव्हतं, ना गाणं, ना गणित. वर्गात मी 'ती लांब वेणीवाली' होते. वेणी गेली तर मी कोण, हा प्रश्न मला खरोखर पडला होता आणि मी दोन दिवस धड जेवले नाही.

शनिवारी संध्याकाळी आत्यानं दोन तास विंचरलं. कागद कोरा. "झोप निवांत," ती म्हणाली. आम्ही दोघी एकाच पलंगावर झोपायचो. तिच्या शब्दावर विसंबून मी निवांत झोपले.

सकाळी बाबा कात्री घेऊनच आले. पहिल्याच फणीला कागदावर एक टपोरी ऊ पडली आणि चालायला लागली.

"ताई, तुझ्या नजरेतून सुटली," बाबा म्हणाले. मी मोकळे केस दोन्ही मुठींत धरून ठेवले.

"सुटली नाही," आत्या म्हणाली. "काल डोकं स्वच्छ होतं. एवढी मोठी ऊ एका रात्रीत होत नाही. ही बाहेरून आली."

"बाहेरून कुठून? पोर रात्रभर घरातच होती की."

आत्याचा हात कानामागे गेला आणि तिथंच थांबला. बरेच दिवस ती तिथं खाजवत होती आणि चष्म्याच्या दांडीला दोष देत होती. घरातलं प्रत्येक डोकं तिनं तपासलं होतं. तिचं तपासायची छाती आमच्यापैकी कुणाची नव्हती, आणि खरं सांगायचं तर तसं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"आमच्या छापखान्यात एक नियम आहे," ती शेवटी म्हणाली. "आपलं लिहिलेलं आपण तपासायचं नाही. दुसऱ्याला द्यायचं." मग तिनं अंबाड्याचे आकडे एकेक करून काढले, मला उठवून स्वतः स्टुलावर बसली आणि फणी माझ्या हातात दिली.

पहिल्याच बटेला कागदावर तीन पडल्या. "दिव्याखाली अंधार," दादा पुटपुटला. ते तिला ऐकू गेलं. तिच्या मानेवर लाली चढलेली मला दिसली आणि मला फार वाईट वाटलं. मी हळूच कागदाची घडी करायला घेतली.

"घडी नको. मोज," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं मोज. तुझ्या बाबांना ऐकू जाऊ दे."

मी मोजायला लागले. अकरापर्यंत आले तेव्हा बाबांनी कात्री खणात ठेवून दिली. आत्यानं मान आणखी खाली घातली.

"उजवीकडची बट राहिली," ती म्हणाली.