हव्वाची मुलगी

इम्रानचा फोन आला तेव्हा मी ब्रिस्टलच्या बसमध्ये होते. "आंटी, मम इज गॉन," एवढंच तो म्हणाला. त्या गोष्टीला आता दीड महिना होईल. त्याची आई म्हणजे याह, माझी इथली सर्वांत जुनी मैत्रीण.

याह मलेशियाची, मी साताऱ्याची. एकाच वॉर्डवर नर्स म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात नावांवरून आमची गट्टी जमली. तिचं पूर्ण नाव नूर हिदायाह बिन्ती इस्माईल, म्हणजे इस्माईलची मुलगी. आडनाव हा प्रकार त्यांच्यात नाहीच. पण इथल्या कम्प्युटरला आडनाव लागतंच, म्हणून सगळे तिला मिसेस इस्माईल म्हणत. "अगं, ते माझे वडील, ते मिसेस कसे होतील?" म्हणून ती पोट धरून हसायची. धर्माबरोबर त्यांच्याकडे नावंही अरबस्तानातून आली. तिच्या वर्गात निम्म्या मुली नूरच होत्या, म्हणून घरी शेवटची दोन अक्षरं तेवढी ठेवून तिला याह म्हणत. माझं नाव मात्र लग्नात ताटातल्या तांदळावर नव्याने लिहिलेलं. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळंच गेलं. ते ऐकून ती हबकलीच. "मी मरेपर्यंत इस्माईलचीच मुलगी," असं ती ठसक्यात सांगायची, आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा.

पण मेल्यावर वडिलांचं नाव चालत नाही, हे मला दफनाच्या दिवशी कळलं. माती लोटून झाली की मलय रिवाजाप्रमाणे एक वडीलधारा कबरीपाशी बसतो, गेलेल्या माणसाला नावाने हाक मारतो आणि आता कबरीत देवदूत येऊन काय विचारतील, काय उत्तर द्यायचं, ते समजावून सांगतो. ती हाक आईचं नाव जोडून मारतात. लंडनहून आलेल्या म्हाताऱ्या हाजींनी इम्रानला हळूच आजीचं नाव विचारलं आणि पोराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला ती फक्त नेनेक, म्हणजे आजी, म्हणून माहीत. घरातल्या एकूण एक कागदावर इस्माईल, आजी कुठेच नाही. त्याने याहच्या मलेशियातल्या मामेभावाला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. फाटकाशी पुढच्या दफनाची गाडी येऊन थांबली होती आणि कौन्सिलचा माणूस अगदी सभ्यपणे घड्याळ बघत होता.

आम्ही बायका मागे उभ्या होतो. इम्रान माझ्याकडे आला. "आंटी, तुम्ही नेनेकला ओळखत होतात. प्लीज..."

ओळखत होते ना. ती म्हातारी एक अख्खा हिवाळा याहकडे राहिली होती. तिच्या हातचा नारळाचा भात मी खाल्ला, तिच्या गुडघ्यांना तेल चोळलं. मी तिला मकचिक, म्हणजे मावशी म्हणायचे. याह तिला मक म्हणायची. आईला नावाने कोण हाक मारतं? मी नाही म्हणून मान हलवली. काय करणार होते मी...

हाजी म्हणाले, हरकत नाही. आईचं नाव ठाऊक नसेल तर जगातली पहिली स्त्री हव्वा, तिचं नाव घेतात, ती सगळ्यांचीच आई. आणि त्यांनी हाक मारली, नूर हिदायाह, हव्वाची मुलगी. मला त्यांचा राग आला नाही. पण सगळ्यांची आई म्हणजे याहची आई नव्हे, तिचे गुडघे दुखायचे.

मामेभावाचा फोन संध्याकाळी आला. म्हातारीचं नाव मेलूर, म्हणजे मोगरा. अरबी नावांची लाट तिच्या गावापर्यंत पोचण्याआधीचं, अस्सल मलय. ते सांगायला इम्रान चिखलाच्या बुटांनी माझ्या दारात येऊन उभा राहिला. "आता ममला कसं कळवायचं?" त्याने विचारलं. मी चहा टाकला.

गेल्या रविवारी आम्ही दोघं कबरीवर गेलो. तो गुडघ्यांवर बसला, मातीजवळ तोंड नेऊन त्याने आजीचं नाव सांगितलं, आणि मग मला विचारलं, "तिने ऐकलं असेल?"

मी आयुष्यभर नर्स होते. मेलेली माणसं ऐकत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. मी वाकले आणि तेच नाव पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, सांगितलं.