बिनशिंगाच्या आकड्याची दवंडी

एकाला आकड्याचं याड लागलं तर घरचे वैद्य शोधतात. चौघांना लागलं तर किस्से साठतात, ओसरीत कापूस साठावा तसे! निजामाच्या अमलात कुंभार पिंपळगावात आमचं तसंच झालं. यातलं काही खोटं निघालं तर जीभ झडो. माझी न्हाई, आमच्या विठोबा धनगराची!

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणानंच भाग जात नाही ती. जितकी मोठी, तितकी सापडायला अवघड. ती हमखास सापडायची रीत काढीन तेव्हाच फेटा बांधीन, असा पण आमच्या शाळेच्या गुरुजींनी केला. त्या काळी बोडकं डोकं म्हणजे घरात मयत! बाजारात बाया गुरुजींच्या बायकोला, आमच्या वहिनींना, विचारायच्या, "कोण गेलं वो?"

वहिनी म्हणायच्या, "ह्यांची अक्कल!"

*

विठोबा मेंढ्या राखायचा. त्याची रीत अशी, की मेंढ्या कशाही लावा, सारख्या रांगा होत न्हाईत तर संख्या मूळ. सत्त्याण्णव मेंढ्या घेऊन तो दिवसभर माळावर. दोनच्या रांगा, तीनच्या, पाचच्या, सातच्या. जमेना! आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात विठोबा बोंबलला, "गुरुजी, संख्या व्याली!"

*

अब्बासमिया हलवायानं रीत काढली. "पाचात सहा मिळवत चला. अकरा, सतरा, तेवीस, एकोणतीस. सब बराबर!" खुशीत सगळ्यांना जिलेबी वाटली.

गुरुजी बोटं चाटत म्हणाले, "पुढची पस्तीस. पाच सत्ते पस्तीस."

"जिलेबीच्या आधी बोलायचं ना, गुरुजी!"

*

बदनापूरहून एक पाहुणे आल्ते. म्हणे, सगळ्यात शेवटची मूळ संख्या सापडली! गुरुजींनी चहा पाजून समजावलं, "मूळ संख्यांना शेवटच न्हाई."

पाहुणे भडकले. "मंग तुम्ही काहून शोधून राह्यलात?"

*

शेवटी गुरुजींनाच रीत गवसली. एकतीस घ्यायची आणि पुढं तीन लावत जायचं. तीनशे एकतीस मूळ, तेहेतीसशे एकतीस मूळ. सात तिनांपर्यंत घासून पडताळलं, बिलकुल बराबर! आठव्याला म्हणाले, "आता तपासायची गरजच न्हाई."

तरी गावाची साक्ष हवी. आमच्याकडं मोकाट बैल सापडला की दवंडी देत. दिवेलागणीपर्यंत मालक आला न्हाई तर बैल सरकारजमा. गुरुजींनी बाजारात तशीच दवंडी पिटवली. "आठ तीन, शेपटाला एक! हिला भागणारा कुणी असंल तर पुढं या!"

एकानं विचारलं, "शिंगं कशी हायत?" बाकी कुणी आलं न्हाई.

दिवे लागले. वहिनींचा भाऊ रंगनाथ गुरुजींच्या डोक्याला फेटा बांधू लागला. दोन वेढे बसले. वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. तेवढ्यात हिशेब करत असलेली गुरुजींची बोटं थबकली.

"थांब, रंगनाथ."

"काय झालं, दाजी?"

"सतरानं भाग जातो."

मी पाटीवर करून पाहिलं. गेला! पूर्ण!

वहिनी म्हणाल्या, "गप बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

"त्या संख्येला कळलंच असतं की!" गुरुजी हसले आणि दवंडीवाल्याला ओरडले, "जाऊ नको रे! अजून एक तीन लावून बघू!"

वहिनींनी भावाकडं पाहिलं. "थांबलास काहून? बांध!"