होडी न गेलेल्या दिवसाचं डिझेल

मला पाहुण्यांसमोर मिरवायची खोड आहे. मुंबईची नोकरी सोडून गावी आलो आणि समुद्राकडच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो, तेव्हापासून ती वाढलीच. कोणी परका माणूस अंगणात आला की मी त्याला मासे ओळखायला शिकवतो, सोलकढीचं महत्त्व सांगतो आणि शेवटी मालवणी बोलायला लावतो. घरातली माणसं हसतात, पाहुणा खूश होतो. त्यात कुणाचं काही बिघडेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

ते नवरा-बायको युरोपातून निघालेले, दोघंही साठी उलटलेले. ट्रकवरच घर बांधलेलं. आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदेसुद्धा. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत ते वाघा सरहद्दीवरून इकडे आले होते आणि आता किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला चालले होते. गोव्याच्या बंदरातून त्यांचा ट्रक आफ्रिकेच्या जहाजावर चढायचा होता. ते जहाज चुकलं तर पुढचं कधी, याचा पत्ता नव्हता, आणि ट्रक भारतात ठेवायची मुदत तर संपतच आली होती.

कुणकेश्वराला ते चार दिवस मजेत राहिले, आणि नेमका तेव्हाच टँकरवाल्यांचा संप सुरू झाला. माझ्या अंगणात ट्रक लागला तेव्हा टाकीत गोव्यापर्यंत पुरेल एवढं डिझेल नव्हतं. म्हाताऱ्याला स्कूटरवर मागे बसवून मी मालवण पालथं घातलं, मग कणकवलीपर्यंत जाऊन आलो. हायवेवरच्या पंपांना दोर बांधलेले. एका पंपावरच्या माणसाने तर आम्हाला लांबूनच हात हलवून नाही सांगितलं, तोंड उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

मी चिडलो होतो. म्हातारा मात्र निवांत होता. इराणच्या वाळवंटात म्हणे एका ट्रकवाल्याने स्वतःच्या टाकीत नळी घालून त्यांना डिझेल काढून दिलं होतं. पुढे पाकिस्तानात एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरसाठी ठेवलेलं दिलं. म्हणून नव्या देशात शिरलं की तो आधी दोन गोष्टी शिकायचा: डिझेलला काय म्हणतात आणि वाटेत भेटलेल्या माणसाला काय म्हणतात. डिझेलला आमच्याकडेही डिझेलच म्हणतात. दुसरी गोष्ट शिकवायला मी बसलोच होतो.

आमच्याकडे वाटेत माणूस दिसला की ‘खंय चललास?’ विचारायचं. कुठे चाललात हे कुणाला खरोखर जाणून घ्यायचं नसतं. बाजाराला निघालेल्याला विचारायचं, विहिरीवर निघालेल्यालाही विचारायचं, तो ‘हयसरच’, म्हणजे इथेच, म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. म्हाताऱ्याने दिवसभर घोकून घोकून ते असं बसवलं की माझी बायकोही चाट पडली. मी तर हवेतच होतो.

त्याच संध्याकाळी मी शेजारच्या तांडेलाकडे गेलो. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस, समुद्रावर शब्द त्याचा. हा माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. लहानपणी त्यानेच मला पोहायला शिकवलं. पाहुण्यांची अडचण सांगितली तशी त्याने मान खाजवली.

“माज्याकडे येकाच फेरीचा डिझेल आसा रे. बांगडो लागलो हा, उद्या जावकच व्हया. येताना टाकीत उरात ता तुज्या पावण्यांका.”

मी छाती काढून घरी आलो आणि डिझेलची सोय झाली म्हणून सांगून टाकलं.

पहाटे मी ओट्यावर दात घासत होतो. दादा रोजच्यासारखा आमच्या अंगणासमोरून निघाला होता, मागे खांद्यावर जाळी घेतलेले खलाशी. म्हातारा फाटकाशी उभाच होता. त्याला डिझेल देणारा माणूस समोरून येत होता. त्याने हसून, मोठ्याने, एकही अक्षर न चुकवता विचारलं, “खंय चललास?”

खरं सांगतो, क्षणभर मला त्याचं कौतुकच वाटलं. मग दादा थांबलेला दिसला.

समुद्रावर निघालेल्या माणसाला हे विचारत नाहीत, अपशकुन मानतात. कुठल्याच निघालेल्या माणसाला विचारू नये म्हणतात, पण जमिनीवर ते कोणी फारसं मनावर घेत नाही. समुद्राची गोष्ट वेगळी. मला हे कोणी कधी शिकवलं नव्हतं, ते अंगात भिनलेलं होतं, आणि म्हणूनच शिकवायचंही सुचलं नाही.

खलाश्यांनी जागच्या जागी जाळी खाली ठेवली. दादा त्यांना म्हणाला, “घराक जावन पाणी पिवया, मगे निघया.” अपशकुन असा मोडतात, पण खलाशी ऐकेनात. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. माझं तोंड फेसाने भरलेलं, हातात ब्रश. मग त्याने म्हाताऱ्याला हात जोडले, म्हाताऱ्यानेही आनंदाने जोडले आणि सगळे आल्या वाटेने परत गेले.

बायको दारातून सगळं बघत होती. “सगळा शिकयलात,” ती म्हणाली, “ह्या येक तेवढा ऱ्हवला.”

दुपारी बाकीच्या होड्या आल्या त्या बांगड्यांनी भरून. वाडीभर कालवा, किनाऱ्यावर लिलाव, मुंबईच्या गाड्या. मी घरातून हललो नाही. पाहुणे किनाऱ्यावर जाऊन फोटो काढून आले.

ऊन उतरल्यावर दादा आला. त्याच्या दोन्ही हातांत कॅन होते. ते त्याने ट्रकच्या चाकाशी ठेवले आणि पुन्हा जाऊन आणखी दोन आणले.

“होडी गेली नाय, म्हणान सगळा तसाच आसा,” तो म्हणाला. “ह्येंचा जहाज चुकूक नको.”

“आणि तू रे दादा?”

“टँकर येतलो तेवा बघूया.”

पंपाचा भाव तेवढा त्याने घेतला. म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली, म्हातारीचे डोळे भरून आले. मग म्हातारा माझ्याकडे वळला. दिलेला शब्द पाळणारा माणूस आहे हा, म्हणाला, विचार त्याला, आज मासे भरपूर मिळाले ना?

मी काही बोलायच्या आधी दादाच बोलला. त्याला एवढं इंग्रजी कळत होतं. “त्येका खरा सांगा नको. बिचारो वायट वाटून घेयत.”

मी म्हाताऱ्याला सांगितलं, हो, भरपूर मिळाले. खोटं तर मी तसाही बोलणारच होतो, पण माझी अब्रू वाचवायला. दादा ते त्या परक्या म्हाताऱ्यासाठी माझ्याकडून वदवून घेत होता. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

ते निघाले, गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका ओलांडून वेळेत पोचले. बंदरातला ट्रकचा फोटो आला. मी तो दादाला दाखवायला गेलो तर त्याने चष्मा लावून नीट बघितला. “बरा झाला,” म्हणाला. इकडे टँकर यायला बरेच दिवस लागले. दादाची होडी किनाऱ्यावरच होती, आणि डिझेल आलं तोवर बांगडा निघून गेला होता.

दादा माझ्यावर रागावला नाही. आजही चांगले मासे मिळाले की दुपारी आमच्या दारात येऊन वाटा देऊन जातो, चहा घेतो, गप्पा मारतो. फक्त पहाटे तो आमच्या घरावरून जात नाही. मागच्या सुरूच्या बनातून, वाळू तुडवत, लांबच्या वाटेने किनाऱ्यावर उतरतो.

एकदा मी मनाचा हिय्या करून त्याला म्हटलं, “दादा, सरळ वाटेन जा मरे. त्या टायमाक मी दारच उघडूचंय नाय.”

“तुजो काय दोष नाय रे,” तो म्हणाला. “खलाशी भितत.”

तेव्हापासून उजाडेपर्यंत मी दार लावून बसतो. दादा अजून मागूनच जातो.