समोरची जांभळी छत्री

धडगावच्या बाजारात मला तगवलं ते समोरच्या जांभळ्या छत्रीखालच्या ताईंनी. त्या दुसऱ्या कंपनीची सिमकार्डं विकायच्या, मी आमच्या कंपनीची. म्हणजे खरं तर त्या माझ्या विरोधातल्या.

मी लातूरकडचा, नववीत शाळा सोडलेला. इथली बोली कळत नव्हती. विक्री झाली नाही तर साहेब घरी पाठवणार, या धास्तीनं नुसता ओरडत सुटायचो, "फुल रेंज, पाड्यापाड्यात रेंज आली!" म्हातारी माणसं ते ऐकून लगबगीनं दूर निघून जायची. ताई हसून वाकल्या. "रेंज म्हनू नको रे भाऊ. डोंगरवरना लोकेसले रेंजर याद येस. टावर म्हन." जंगल खात्याची जीप आली, असंच त्या म्हाताऱ्यांना वाटत होतं.

सिमवाले तुम्हीही पाहिले असतील. रोजचं नेट किती, फुकट काय, इथून सुरू होतात. ताई आधी डोंगराकडं हनुवटी उचलायच्या. "कोनता पाडा?" नाव ऐकून कधी स्वतःचं कार्ड काढायच्या, तर कधी गिऱ्हाईक हाताला धरून माझ्याकडं आणायच्या. "तठे तुन्हं टावर लागस, मन्हं नही."

एका आईला गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या मुलाला व्हिडिओवर बघायचं होतं. तिलाही माझ्याकडं आणलं. तुमचं कसं चालणार, मी विचारलं. म्हणाल्या, "वर पाडावर जाईसन पोऱ्यानं तोंड दिखनं नही, तं?"

असं करत माझा खप वाढला, त्यांचा घटला. शेवटी त्यांच्या कंपनीनं धडगावची छत्री बंद केली. साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली, "पठ्ठ्यानं समोरची छत्री उठवली!" गिऱ्हाइकं कुणी दिली होती, ते सांगायला तोंड उघडेना. नोकरी टिकली होती ना.

ताई समोरच छत्री मिटत होत्या. मला मान वर करवेना. जाताना आपल्या छत्रीच्या बुडाचा दगड त्यांनी माझ्या छत्रीशी सरकवला. म्हणाल्या, "बराच पाडासमा टावर तुन्हंच लागस. त्यामा तुन्हा काय दोस?" आणि माहेरी, सारंगखेड्याला गेल्या.

आता त्या जागी एक मिरचीवाली बसते. मी आधी पाडा विचारतो. ताईंचं कार्ड चालणारा पाडा निघाला की समोर बघतो, आणि तोंड कुठं लपवावं कळत नाही.

स्वतःचं दुकान झालं की सारंगखेड्याला जाऊन ताईंना घेऊन येईन. दुकानात दोन्ही कंपन्यांची कार्डं ठेवीन, आणि गल्ल्यावर त्या बसतील.