मोराची मान आणि माझे ओठ

त्रेपन्नाव्या वर्षी मोराच्या मानेपायी मला दवाखान्यात उचलून न्यावं लागलं.

त्याचं झालं असं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी मोजलं, ते १५०/९६ भरलं. गोळी एकदा सुरू झाली की सहसा सुटत नाही, असं सांगून त्यांनी मला पंधरा दिवसांची मुदत दिली. मीठ कमी करा, चाला आणि डोकं शांत होईल असं काहीतरी करा. हल्ली मोठी माणसंसुद्धा चित्रं रंगवतात म्हणे. मला गोळी नको होती. म्हणून मी चित्रं रंगवायचं ठरवलं.

आता, कोणतीही वस्तू मी तक्ता केल्याशिवाय घेत नाही. वहीत रकाने आखले: रंग किती, टोक किती टिकतं, कागदामागे उमटतं का. वही घेऊन सीताबर्डीच्या एका स्टेशनरीच्या दुकानात गेलो. स्केचपेन पहिल्याच फेरीत बाद झाले, कारण पानामागे उमटत होते. छत्तीस पेन्सिलींच्या डब्यात निळ्याच सात निघाल्या, त्यातल्या तीन मला एकसारख्या दिसल्या. म्हणजे खरे रंग चौतीसच! हे मी दुकानदाराला मोजून दाखवलं. तोवर दोन तास झाले होते.

"भाऊ, तुमाले चित्र रंगवायचं हाय का घर?" त्याने विचारलं. मग स्वतःच एक डबा पुढे सरकवला. "नव्या माणसाले चोवीस भरपूर होते. कोरडी चालवा, नाहीतर वरून ओला ब्रश फिरवा, वॉटर कलर होते."

एका पेन्सिलीत दोन कामं! माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. तिथल्या तिथे आखला, त्यात खूण केली आणि डबा घेतला. (ब्रश घेतला नाही. पाणी लावायचा माझा विचारच नव्हता.)

इथे माझी एक सवय सांगायला हवी. कामठीला मागाच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं कापडाची थानं मोजतोय. आकडा मांडण्याआधी पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचं, हे आता हाताला आपोआप होतं.

रविवारी दुपारी पलंगावर बसून छापील चित्रांच्या पुस्तकातला मोर रंगवायला घेतला. मानेवर बारीक पिसं होती, एकशे बारा. प्रत्येक पिसाआधी टोक जिभेला लावत गेलो आणि काय सांगू, निळा असा खुलून आला की मी स्वतःवरच खूश झालो. डोकं इतकं शांत मला लग्नानंतर प्रथमच वाटलं.

तेवढ्यात सुमन, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन आली. काय करून राहिले, असं तिने विचारलं. मी एकोणनव्वदाव्या पिसावर होतो. बोललो असतो तर मोजणी चुकली असती, म्हणून डावा हात वर करून थांब अशी खूण केली आणि हसलो.

आता तिला काय दिसलं ते पाहा. ओठ निळे, दात निळे, वाचा बंद, डावा हात अधांतरी, आणि तोंडावर हसू!

पुढच्या मिनिटाला शेजारच्या ठाकरे भाऊंनी मला चादरीसकट गाडीत घातलं. "अगं, तो रंग आहे," मी म्हणालो.

"दिसून राहिला ना रंग. बोलू नका तुमी, दम राखा," सुमन म्हणाली आणि रडू लागली. तिचं रडणं पाहून मलाच शंका आली. मी नाडी मोजायला घेतली. एकशे अठरा!

डॉक्टरीणबाईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, नखं पाहिली, मग ओला कापूस माझ्या ओठांवर फिरवला. कापूस निळा झाला. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. खांदे तेवढे हलत होते.

"रंग कोणी निवडले?" त्यांनी विचारलं.

"यायनंच," सुमन डोळे पुसत म्हणाली. "दोन तास लागले यायले."

बीपी १७८/१०४ भरलं. गोळी त्याच दिवशी सुरू झाली.

डबा सुमनने कपाटात टाकला आणि स्वतः दोन मिनिटांत मेणाचे खडू घेऊन आली, बारा. खोक्यावर लिहिलंय: 'तीन वर्षांवरील मुलांसाठी.' या अटीत मी बसतो, असं डॉक्टरीणबाईंचं मत आहे. सुमनची अजून खात्री पटलेली नाही.