दाढी उतरताना

सलूनच्या आरशात मिलिंद दाढीवरून हात फिरवत होता आणि माझा जीव खालीवर होत होता. एरवी तो शाळेत गणित शिकवतो. माझ्या सिनेमात मात्र तो घर सोडून गेलेल्या भावाची वाट पाहणारा माणूस आहे. मानधन नाहीच. कॅमेरा लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राचा, त्यामुळे मुहूर्त नसेल त्या रविवारीच आमचं काम चालतं. या भूमिकेसाठी मिलिंदने वर्षभर दाढी राखली होती. आता त्याचंच लग्न ठरलं होतं.

"राहिलेले सीन लवकर घेणार असशील, तर थांबतो अजून," तो म्हणाला.

आमच्यासारख्यांचा सिनेमा माणसांच्या अंगावर वाढत असतो. कुणाची बदली होते, कुणाचे केस पिकतात, आणि त्यांनी होते तसंच राहावं म्हणून आपण मनातल्या मनात हट्ट धरतो. हा कसला हक्क?

"काढून टाक," मी म्हणालो.

न्हाव्याने फेस लावून वस्तरा उचलला, तेवढ्यात मी ओरडलो, "थांबा!" घाईघाईने मोबाइल काढून मी आरशाशेजारी धरला. "मिलिंद, आजपासून तू भावाची वाट पाहणं सोडतोयस."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आरशात. वस्तरा गालावरून फिरला तशी त्याची हनुवटी थरथरली.

कथेत असा प्रसंगच नव्हता. घरी येईपर्यंत मी त्याला जागा शोधत होतो. पुढचं सगळं नव्याने लिहावं लागणार म्हणून चिडलो होतो आणि कधी एकदा लिहायला बसतो असंही झालं होतं.